मदत हवी आहे: लक्षात राहणारा पोलीस अधिकारी मराठीत कुठे भेटेल?

मंडळी, बेळगाव-खानापूर-निपाणीकडे पोलीस कादंबऱ्या वाचणारं कोणी आहे का? मला खुनी कोण यापेक्षा तपास करणारा माणूसच जास्त ओढून घेतो. फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या जॉर्ज सिमेनॉनचा पॅरिसमधला पोलीस अधिकारी मेग्रे १९३१ ते १९७२ या काळात ७५ कादंबऱ्यांत आला. तो पुराव्यांमागे फार धावत नाही. मेलेल्याच्या घरात, गल्लीत, नेहमीच्या खानावळीत पाइप ओढत बसतो, आणि तो माणूस कसा जगत होता हे उमगलं की गुन्हाही उलगडतो. घरी बायको जेवायला थांबलेली असते, हेही मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. कोडं एकदाच सुटतं, पण असा माणूस पुन्हा भेटावासा वाटतो.

मराठीत असं काय आहे? चलाख गुप्तहेर नकोत. ठाण्यात बसणारा, थकणारा साहेब हवा. आपल्या सीमाभागातलं असेल तर फारच छान! फिर्यादी मराठीत सांगतोय, हवालदार कन्नडमध्ये लिहून घेतोय, आणि शिनोळीला पोचलं की हद्दच दुसऱ्या राज्याची. कन्नडमधून मराठीत आलेलं असलं तरी चालेल. मला कन्नड बोलता येतं, कादंबरी वाचण्याइतकं नाही. पुस्तक जुनं असेल तर कुठल्या वाचनालयात मिळेल तेही कृपया सांगा.