पवनाकाठची पहाट आणि काळा मोती: जलरंगात कसं जमवावं?

प्रश्न (दादर): पवना तलावावरच्या कॅम्पच्या फोटोवरून चित्र करतेय. समोर तिकोना किल्ला, धुकं, काठावर पाठमोरा बसलेला आमचा काळा कुत्रा मोती. तो आता नाही, म्हणून हे चित्र नीट व्हायलाच हवं. पण मोती नुसता काळा डाग दिसतो आणि धुक्याच्या वॉशमध्ये (पातळ रंगाच्या थरात) फ्लॉवरसारखे डाग उठतात. कागद जाड, ३०० जीएसएमचा.

उत्तर १: ट्यूबमधला काळा वापरू नका, तो मेल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) दाट मिसळा. पाठीवर आकाशाचा उजेड पडतो तिथे निळा जास्त, पोटाकडे सिएना. पाठीची कड ओलसर ठेवून धुक्यात विरू द्या. पंजांची कड मात्र कोरड्या कागदावर, ठाम. नाहीतर कुत्रा तरंगतो. पाठमोऱ्या कुत्र्याची ओळख कानांत आणि मानेच्या कलात असते, तेवढं आधी पेन्सिलीने पाच-सहा वेळा काढून बघा.

उत्तर २: डाग पाण्यामुळे. वॉश अर्धवट सुकलेला असताना जास्त ओला ब्रश लागला, की पाणी रंगकण कडेला ढकलतं. पावसाळ्यात आपल्याकडे कागद वरून सुकलेला दिसतो, आत ओलाच असतो. हाताची मागची बाजू लावा; गार लागला तर थांबा. उरलेला कागद सिलिका जेलसोबत हवाबंद पिशवीत ठेवा. दमटपणाने सायझिंग (रंग पटकन शोषला जाऊ नये म्हणून कागदाला दिलेली खळ) बिघडलं की कागद टीपकागदासारखा रंग पितो.

उत्तर ३: मोबाईलची वाइड लेन्स डोंगर बुटके करते. तिकोना फोटोपेक्षा दीडपट उंच घ्या.

प्रश्नकर्ती: कानांपासून सुरुवात करते. एक उभा, एक दुमडलेला होता.