प्रदीप भिडे : आवाज तर होताच, पण

दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारे प्रदीप भिडे गेले, त्यांचा आवाज विसरणं शक्य नाही असं सगळेच म्हणताय, अगदी खरंय, पण मला त्याहून जास्त त्यांचं थांबणं आठवतं. एक बातमी संपली की क्षणभर थांबायचे आणि मग पुढची, त्यामुळे अपघाताची बातमी आणि क्रिकेटचा स्कोअर एकमेकांत मिसळायचे नाहीत, ऐकणाऱ्याला सावरायला जरा वेळ मिळायचा. आता अँकर श्वासच घेत नाहीत.

आणि उच्चार! ण आणि न, श आणि ष, सगळं जागच्या जागी, तरी कुठे शिकवणीचा सूर नाही. स्मिता पाटील, भक्ती बर्वे, अनंत भावे यांनी जिथे बातम्या वाचल्या त्या मुंबई दूरदर्शनचे हे निवेदक, ती शिस्त त्यांनी शेवटपर्यंत सांभाळली. सरकारी चॅनल, बातमी सरकारच्या बाजूची असायची हे मान्य, पण वाचणाऱ्याने त्यात पदरचं मीठमसाला कधी घातलं नाही, आणि माझ्या मते विश्वास बसायचा तो त्यामुळेच.

दूरदर्शनकडे त्यांची जुनी बातमीपत्रं असतील तर ती सगळ्यांना बघायला मिळायला हवीत, नवीन निवेदकांना तर नक्कीच. भावपूर्ण श्रद्धांजली.