मदत हवी आहे: चिऱ्याची भिंत एका रात्रीत रंगवायचीय

नमस्कार मंडळी, ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, सोसायटीच्या गणपतीत यंदा एकांकिका आहे, सीन कोकणातल्या घराचा, मागे चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची भिंत आणि एक दार. फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतीचे तुकडे, आठ बाय चार फुटांचे, लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणलेलं, सुताराने आत्ता कुठे आणून दिलेत आणि प्रयोग शनिवारी! म्हणजे हातात शुक्रवारची रात्र, तीही पार्किंगमध्ये, बाहेर धो धो. एक काका दोन इंची ब्रशने एकेक चिरा काढायला बसले तर लांबून बाथरूमच्या टाइल्स दिसतायत. सामान म्हणजे पांढरा डिस्टेंपर, त्यात मिसळायचे लाल-पिवळा-काळा स्टेनर (गडद रंगद्रव्य), केरसुण्या, कुंचे. बाकी बजेट मखराने खाल्लं. एक जण ऑइलपेंट मारा म्हणतोय, चालेल का?

विंगेतला: ऑइलपेंटचं नावच काढू नका, लाइट पडला की चमकतो आणि या हवेत रात्रीत वाळणारही नाही. आधी फेविकॉल भरपूर पाण्यात पातळ करून त्यातच थोडा डिस्टेंपर घालून अख्ख्या कापडावर एक हात फिरवा, नाहीतर मांजरपाट रंग पीतच बसतं. वाळला की सांध्याचा फिका राखाडी रंग सगळीकडे कुंच्याने. मग जुन्या गादीचा फोम साधारण सव्वा फूट बाय पाऊण फूट कापून फळीला चिकटवा, परातीत रंग घ्या आणि ठसे मारत सुटा, दोन ठशांमध्ये बोटभर जागा सोडली की सांधे आपोआप उरतात. वरचा सांधा खालच्या चिऱ्याच्या मधोमध आला पाहिजे हं. ओळी सरळ हव्या तर सुतळी गेरूत घोळवून दोघांनी ताणून धरा आणि मधून उचलून सोडा.

प्रश्नकर्ता: भारी! पण सगळे ठसे सारखेच नाही दिसणार?

विंगेतला: परातीत एका बाजूला तांबडा, एका बाजूला पिवळट ठेवा, ढवळू नका, आणि दर वेळी फळी उलटी फिरवा. चिऱ्याची भोकं केरसुणीने, टोकं काळपट तपकिरी रंगात बुडवून हातावर आपटायची. शिंतोडे उडतात त्यामुळे शेजारच्या गाड्या झाका, नाहीतर सेक्रेटरी येतील.

नेपथ्यवाली ताई: दादा, पार्किंगच्या ट्यूबखाली रंग फायनल करू नका. डिस्टेंपर ओला असताना गडद दिसतो, वाळला की फिका पडतो, म्हणून आधी पुठ्ठ्यावर लावून हेअर ड्रायरने वाळवून बघा. लाइटवाला दिव्यावर अंबर जिलेटिन (पिवळसर-नारिंगी रंगीत कागद) टाकणार असेल तर तांबडा आणखी पेटेल, तेव्हा लाल स्टेनर जरा हात राखून. आणि फ्लॅट आडवे ठेवून रंगवाल तर रंग झिरपून कापड खालच्या प्लास्टिकला चिकटतं, ओलसर असतानाच उचलून टेकवा आणि समोर पेडेस्टल फॅन लावा. पातळ दोन हात लवकर वाळतात, जाड एक हात सकाळपर्यंत ओला राहील.

प्रश्नकर्ता: फोमची गादी मिळाली, वरच्या काकू द्यायला तयार आहेत. दाराचं काय करू, लाकडाच्या रेषा काढत बसायला वेळ नाहीये.

विंगेतला: तपकिरी बेस वाळू द्या, मग जवळजवळ कोरडा कुंचा गडद रंगात टेकवून वरून खाली एकच फटकारा. तिसऱ्या रांगेतून लाकूडच वाटतं.