तान्हा पोळा : ज्वारीच्या लाह्यांचे 'चोकोज' आणि खोक्यांवरचे जुने प्राणी

पऱ्हाटी_यवतमाळ
राम राम मंडळी. गावच्या तान्ह्या पोळ्यात लेकरांसाठी 'जुना नाश्ता' असा स्टॉल ठरला आहे. नव्वदीत टीव्हीवर दुधात घालून खायचे केलॉग्ज कंपनीचे चोकोज अन् फ्रॉस्टीज दिसत, वाटीत मात्र दूध-लाह्या नाहीतर चहा-पार्ले. ते सगळं एका टेबलावर मांडायचं आहे.
अडचणी दोन. लाह्यांना गूळ-कोकोचा पाक चढवला की तासाभरात चिवट होतात, दुधात तर लगदाच. दुसरं, मागच्या फळ्यावर जाहिरातींतले प्राणी रंगवायचे आहेत. कोण कुठला अन् केव्हाचा, हे पक्कं सांगा.

लाहीवाली_ताई
दादा, पाकाच्या आधी लाही पाहा. लाही अर्धवट फुललेली असेल तर पाक कितीही चांगला साधला तरी उपयोग नाही.
टणक, काचेसारख्या दाण्याची ज्वारी घ्या. मऊ, पिठूळ दाणा नीट फुलत नाही. टरफलाला चीर गेलेली किंवा किडकी ज्वारीही नको, कारण दाण्यात कोंडलेली वाफच त्याला फोडते आणि चिरेतून ती आधीच निसटते. पाव किलो ज्वारी कडक पाण्यात दोन मिनिटं बुडवून लगेच निथळा, फडक्यात बांधून रात्रभर ठेवा. सकाळी सावलीत पसरा. वरून कोरडी लागली पाहिजे, आतला ओलावा मात्र राहू द्या.
लोखंडी कढई चांगली तापवा. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ झटकन चढतो, तो इथे कामाचा. एका वेळी एकच मूठ टाका अन् फडक्याच्या पुरचुंडीने फिरवा, उलथन्याने लाह्या बाहेर उडतात. जास्त दाणे टाकले की कढई थंडावते, वाफ हळूहळू निघून जाते आणि गणंगच गणंग, म्हणजे न फुललेले टणक दाणे उरतात. शेवटी मोठ्या भोकाच्या चाळणीने गणंग काढाच. लहान लेकरांच्या दाताला अन् घशाला ते वाईट.

पाक_आणि_पाणी
चिवटपणाचं मूळ गुळात आहे. गूळ हवेतलं पाणी ओढतो, आणि तान्हा पोळा येतो ऐन पावसाळी हवेत. या दिवसांत साखरच धरा, चवीपुरता पाव हिस्सा गूळ चालेल.
100 ग्रॅम लाह्यांना 60 ग्रॅम साखर, 20 ग्रॅम गूळ, तीन मोठे चमचे पाणी, चिमूटभर मीठ. थेंब थंड पाण्यात टाकून पाहा. वाकला तर पाक कच्चा. कट्‌कन तुटला की उतरवा. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं, गोळीबंद पाकावर थांबतात. उतरवल्यावर चमचाभर तूप अन् 15 ग्रॅम चाळलेला कोको घाला. आचेवर घातला तर तो करपून कडू होतो. लाह्या आधी कोमट करून ठेवा, गार लाह्यांवर पाक गोळा होऊन बसतो.
तूप लावलेल्या परातीत पसरा, सुट्या करा. मग मंद कढईत आठ-दहा मिनिटं परतून वाळवा. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, आतल्या वाफेने सगळं मऊ पडतं.
दूध गारच द्या. केलॉग्ज 1994 मध्ये भारतात आली तेव्हाही घोडं इथेच अडलं होतं: आपल्याकडे सकाळी गरम दूध ओतायची सवय, अन् त्यात कॉर्नफ्लेक्स लगेच मऊ पडत.

रंगारी_वर्धा
फळ्यावर पहिला मान टोनी वाघाला द्या, तो 1952 चा, फ्रॉस्टेड फ्लेक्सचा. तेच आपल्याकडचे फ्रॉस्टीज. नारिंगी अंग, काळे पट्टे, निळं नाक, गळ्यात लाल रुमाल. निळं नाक चुकलं तर तो साधा वाघ वाटतो. सुरुवातीला त्याच्यासोबत केटी नावाची कांगारूही खोक्यावर असे, पण टिकला टोनीच. चोकोजवरचा आपल्या पोरांचा ओळखीचा अस्वल म्हणजे कोको. ब्रिटनच्या कोको पॉप्सवर त्याच नावाचं माकड आहे, दोघांची गल्लत करू नका. ट्रिक्स या नाश्त्याच्या खोक्यावरचा ससा 1959 चा, टूकन सॅम हा पक्षी 1963 चा. हे दोघे अमेरिकेचे, इथल्या लेकरांना अनोळखी, जागा उरली तरच घ्या.
राइस क्रिस्पीज या तांदळाच्या कुरकुरीत नाश्त्याचे तीन बुटके मात्र सोडू नका: स्नॅप, क्रॅकल, पॉप. 1930 च्या दशकात व्हर्नन ग्रँट या चित्रकाराने काढलेले. दुधात पडल्यावर होणाऱ्या आवाजांचीच ही नावं. हा आवाज लेकरांना प्रत्यक्ष ऐकवायचा तर लाह्या नव्हे, ताजे कुरकुरीत मुरमुरे घ्या. मुरमुऱ्याचा दाणा अख्खा फुगतो, आतल्या पोकळीच्या पातळ भिंती दूध शिरलं की तडकतात. लाही उलटी उमलते, तिचा गर उघडाच असतो, ती गुपचूप भिजते. वाटी कानाशी धरायला सांगा, लाउडस्पीकर जरा बंद ठेवा.
आपल्याकडच्या भागात अमूलची पोरगी (1966) आणि पार्ले-जीची पोरगी हवीच. नागपूरच्या एका बाईंचा तो लहानपणचा फोटो, असं आपल्याकडे अजून सांगतात. तो फोटो नाही, एव्हरेस्ट या जाहिरात एजन्सीच्या मगनलाल दैया यांनी काढलेलं चित्र आहे. पाटीवर हे ठळक लिहा, विदर्भात तरी ते लिहायलाच हवं.
मोठं करताना मूळ चित्रावर एक सेंटिमीटरच्या चौकटी पाडा, फळ्यावर दहा सेंटिमीटरच्या. आधी खडूने रेघ, मग रंग, काळी कड सगळ्यात शेवटी.

पऱ्हाटी_यवतमाळ
लाख मोलाचं सांगितलं. उरलेल्या लाह्या बचत गटाच्या बाया पाकिटात विकणार म्हणतात. त्यावर टोनी छापला तर?

रंगारी_वर्धा
नको भाऊ. फळ्यावर माहिती म्हणून दाखवणं वेगळं. विक्रीच्या पाकिटावर तो कंपनीचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. आपलं शेकरू घ्या नाहीतर हरियाल, आणि तेही स्वतः काढलेलं, नेटवरून उचललेलं नको. पाकिटावर घटक, वजन, बनवल्याची तारीख अन् एफएसएसएआयचा (सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी नंबर लागतो. गटाची नोंदणी नसेल तर आधी ती करून घ्या, विक्री मग.