४ टन, पण कुठे?
वर कोणीतरी लिहिलंय की ४ टनी टेलिहँडलर (लांब होणाऱ्या हातावर माल उचलून देणारं मशीन) आणला की साइटवर हायड्रा (छोटी फिरती क्रेन) लागतच नाही. विटांचे पॅलेट खालून स्लॅबवर द्यायला खरंच भारी आहे, पण ते ४ टन बूम, म्हणजे तो लांब होणारा हात, आत असतानाचे हो. बूम पुढे गेला की पुढची चाकं टेकू होतात आणि मागचा एक्सल हलका पडत जातो, जेसीबीचं ५४०-१७० हे मॉडेल घ्या, १६.७ मीटर उंच जातं पण पूर्ण पुढे लांबवलं की काहीशे किलोच. बूम बाहेर येतो तशी त्याच्यावर अक्षरं दिसत जातात, ती केबिनमधल्या लोड चार्टशी (बूम किती बाहेर असताना किती वजन चालेल त्याचा तक्ता) जुळवायची. आमचा ऑपरेटर आधी लेव्हल दाखवणारा बबल बघून मशीन लेव्हल करतो मगच बूम उचलतो, तिरक्या जमिनीवर चार्टचे आकडे लागूच होत नाहीत. त्यामुळे भाड्याने घेताना नुसते टन नका विचारू, किती मीटर पुढे किती किलो ते चार्टवर दाखवायला सांगा.