विषय: खाडीतल्या फ्लॅटहेडसाठी सॉफ्ट प्लास्टिक कुठलं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

प्रश्न फिशिंगवाल्यांसाठी आहे. सिडनीच्या जॉर्जेस रिव्हरवर काठावरून फ्लॅटहेड (तळाला राहणारा चपट्या डोक्याचा मासा) धरायचाय, बरोबर मुलगी असते, वय ११. कोळंबीचा चारा लावला की बारके मासे कुरतडून नेतात आणि तिचा सगळा वेळ गरीला चारा लावण्यातच जातो, म्हणून सॉफ्ट प्लास्टिककडे, म्हणजे रबरी नकली चाऱ्याकडे, वळावं म्हणतोय. पण दुकानात भिंतभर पाकिटं, प्रत्येकावर वेगळा रंग, वेगळी शेपटी. रॉड ७ फुटी, २-४ किलोच्या लाइनचा, रीळ २५०० साइझचं. सुरुवातीला नेमकं काय घेऊ?

– लिव्हरपूलहून

---

Re: खाडीतल्या फ्लॅटहेडसाठी सॉफ्ट प्लास्टिक कुठलं घ्यावं?

नमस्कार,

रंगाचं शेवटी बघा. आधी जिगहेडचं, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गरीचं, वजन ठरवा, कारण फ्लॅटहेड वाळूत अंग पुरून पडलेला असतो आणि वरून काही गेलं की झेपावतो, पण फार उंचावरून गेलं तर जागचा हलत नाही. म्हणजे प्लास्टिक तळाला टेकलंच पाहिजे, पण दगडासारखं धपकन नाही, हळूहळू पडत टेकलं पाहिजे, बहुतेक वेळा मासा ते पडतानाच उचलतो.

पाणी दोन मीटर आणि ओढ कमी असेल तर १/८ औंस, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम. चार-पाच मीटर खोल असेल किंवा सुकतीचा (ओहोटीचा) जोर असेल तर १/४, म्हणजे सात ग्रॅम. मधलं १/६ पण घ्या, कारण उधाणाच्या दिवसांत ज्या जागी १/४ लागतं तिथेच भांगाच्या दिवसांत त्याहून हलकं चालतं, त्यामुळे एकाच वजनाचं मोठं पाकीट घेऊ नका. गरी १/० किंवा २/०, ३ इंची प्लास्टिकला बरोबर बसते. फेकल्यावर लाइनवर नजर ठेवा: ती ढिली पडली की तळ आला, पडलीच नाही तर वजन वाढवा, पडल्या पडल्या ढिली झाली तर कमी करा. मग रॉडचं टोक दोनदा वर उचलायचं, थांबायचं, पडू द्यायचं, ढिली लाइन गुंडाळायची, परत तेच.

आता आकार. मुलीसाठी ३ इंची पॅडल टेल (वल्ह्यासारख्या शेपटीचं) घ्या, ती शेपटी नुसतं गुंडाळलं तरी आपोआप हलते, हाताची कसब लागत नाही, आणि पाऊस पडून नदी गढूळ झाली की माशाला ती थरथर आधी जाणवते. सरळ शेपटीचं मिनो (बारक्या माशाच्या आकाराचं) छान चालतं पण त्याला जीव रॉडने द्यावा लागतो, ते तुमच्यासाठी. ब्रीम मासा हवा असेल तर अडीच इंची कर्ल टेल ग्रब (वळलेल्या शेपटीची अळी), १/१६ किंवा त्याच्या आसपासचं जिगहेड आणि लहान गरी.

रंग दोनच पुरेत. स्वच्छ पाण्यात बोयसारखा फिका, थोडा पारदर्शक, गढूळ पाण्यात गडद, मोटर ऑइल नावाचा रंग वगैरे. झी-मॅन कंपनीचं प्लास्टिक रबरासारखं ताणतं आणि तरंगतं, त्यामुळे तळाला टेकल्यावर शेपटी वर उभी राहते, मला ते फार आवडतं, फक्त दुसऱ्या कंपनीच्या प्लास्टिकबरोबर एका डबीत ठेवू नका, वितळून चिकटतं. त्याच्याच पाकिटात राहू द्या. गल्प या ब्रँडच्या प्लास्टिकला स्वतःचा वास असतो, थंडीत मासा सुस्त असताना त्याचा फायदा होतो, पण गरीवर वाळलं की कडक होतं, तेव्हा काम झालं की परत पाकिटातल्या रसात टाका. आणि प्लास्टिक गरीवर सरळ बसलंय ना ते दर वेळी बघा, वाकडं बसलं की गरगर फिरतं आणि मासा तोंड लावत नाही.

– पेनशर्स्टहून

---

Re: Re:

वजनाचं पटलं, त्यात लीडरची, म्हणजे गरीच्या आधी बांधायच्या लाइनच्या तुकड्याची, भर घालते. फ्लॅटहेडचे दात बारीक पण खरखरीत असतात, लाइन घासून तुटते, म्हणून १०-१२ पौंडाचा फ्लुरोकार्बन लावा, ब्रीमला ४-६ पुरे. गालफडावर दोन्ही बाजूंना काटे असतात, मुलीला उघड्या हाताने धरू देऊ नका, ओलं फडकं जवळ ठेवा.

आपल्यातले बरेच जण पॅरामॅटा-वेस्टमीडला राहतात म्हणून हेही लिहिते. पॅरामॅटा नदीत ही प्लास्टिकं छान चालतात, पण हार्बर ब्रिजच्या पश्चिमेला पकडलेलं काहीही खायचं नाही, मासा नाही, खेकडा नाही, कोळंबी नाही. जुन्या कारखान्यांचं डायऑक्सिन हे विष तळाच्या गाळात आहे, ते तळून किंवा शिजवून जात नाही. २००६ पासून हार्बरमधली धंद्याची मासेमारी त्याचसाठी बंद आहे. तिथे पकडा आणि सोडा. घरी नवा आलेला माणूस असेल, आईवडील आलेले असतील, त्यांना हे आधी सांगा, कारण काठावर बसून पकडलेला ताजा मासा आपल्याकडे कोणी परत सोडत नाही.

डस्की फ्लॅटहेड ३६ ते ७० सेंटिमीटरमधलाच ठेवता येतो, माणशी ५. सत्तरच्या वरच्या अंडी घालणाऱ्या माद्या असतात, त्या सोडायच्याच. ब्रीम किमान २५ सेंटिमीटर. फिशिंग फी तुम्हाला आहे, मुलीला नाही. जाण्याआधी फिशस्मार्ट अॅपवर नियम एकदा बघून घ्या.

– राइडहून

---

Re: Re: Re:

दोघांचे मनापासून आभार. १/८, १/६, १/४ आणि पॅडल टेल एवढंच आणतो. एकच राहिलं, जायचं कधी आणि उभं कुठे राहायचं?

– लिव्हरपूलहून

---

Re: Re: Re: Re:

सुकतीचे शेवटचे दोन तास. ज्यांनी रेवदंड्याला नाहीतर दाभोळच्या खाडीत गरवलंय त्यांना हे माहीत आहे, पाणी उतरायला लागलं की बोय आणि कोळंबी कांदळवनातून बाहेर येते आणि मोठा मासा ओहोळाच्या तोंडाशी टपून बसतो. जॉर्जेस रिव्हरला पण कांदळवन आहे आणि तिथेही तसंच चालतं. वाळूचा उथळ पट्टा संपून पाणी एकदम गडद दिसतं ती कड शोधा, उथळात फेका आणि कडेवरून खाली पडू द्या. दोन-चारदा फेकून काही नाही झालं तर दहा पावलं पुढे सरका, रंग बदलत एकाच जागी उभं राहू नका.

खाली बॉटनी बेला गेलात तर टोव्रा पॉइंटला सँक्च्युअरी झोन आहे, तिथे मासेमारी बंद आहे, नकाशा बघून जा. बाकी बॉटनी बे २००२ पासून हौशी लोकांसाठीच राखीव आहे, धंद्याची जाळी नाहीत, तेव्हा तिथे मुलीला नक्की न्या.

आणि तुटलेली प्लास्टिकं खिशात घालून घरी आणा, पाण्यात टाकू नका, मासे ती गिळतात.

– पेनशर्स्टहून