प्रतिसाद: चित्रांच्या पुस्तकातून इतिहास

‘सहा-सात वर्षांच्या मुलांना अस्पृश्यतेच्या गोष्टी दाखवू नयेत, ती घाबरतात,’ हे वर कुणीतरी लिहिलंय ते पटलं नाही. घाबरतात ती मोठी माणसं, अवघड प्रश्न येतील म्हणून.

आमच्या इथे नागपुरात दसऱ्याला दीक्षाभूमीकडे जाणारी गर्दी प्रत्येक पोट्टं बघतं, पण बाबासाहेबांनी तिथे बौद्ध धम्म स्वीकारला तो दिवस, १४ ऑक्टोबर १९५६, म्हटलं की त्याला ती परीक्षेतली तारीख वाटते. मी रविवारी बिल्डिंगमधल्या मुलांना वाचून दाखवते. एकदा बाबासाहेबांच्या १९०१च्या प्रवासाची चित्रं आम्हीच काढली; लहानपणी ते भाऊ आणि भाच्यांसोबत वडिलांना भेटायला निघाले होते, तो प्रवास. मसूर स्टेशनवर उतरलेली मुलं, दुप्पट भाडं देऊनही जात कळल्यामुळे शेजारी न बसता पायी चालणारा गाडीवान, आणि रात्री भरलेला डबा समोर असून पाणी कुणी देत नाही म्हणून उपाशी झोपणं. शब्द एकही लिहिला नव्हता. (चित्रांखाली मजकूर असला की मुलं तोच वाचतात, चित्र बघतच नाहीत.)

डब्याच्या चित्रावर एक मुलगा अडला. ‘जेवण होतं ना, मग जेवले का नाही?’ मे महिना होता, बाहेर ४५ अंश. मी काही बोलायच्या आत शेजारची पोरगी म्हणाली, ‘अरे, पाण्याशिवाय घास उतरतो का?’ आणि त्याने स्वतःची बाटली चित्रातल्या डब्याशेजारी नेऊन ठेवली.